भार आणि आधार : फील्ड कॅमेऱ्यासाठी ट्रायपॉडची निवड

छायाचित्र म्हटले की आपण कॅमेऱ्याचा विचार करतो, फार तर भिंगाचा करतो. कॅमेरा ज्यावर उभा राहतो त्या तीन पायांचा विचार सहसा कोणी करीत नाही. हातात मावणाऱ्या कॅमेऱ्याच्या बाबतीत हे खपून जाते. मोठ्या आकाराच्या फिल्मवर चित्र घेणाऱ्या लार्ज फॉरमॅट कॅमेऱ्याच्या बाबतीत ते खपत नाही. आमच्या शाळेच्या संग्रहात असा एक घडीचा, लाकडी फील्ड कॅमेरा आहे. लेण्यांतील व गावोगावचे शिलालेख, जुन्या विहिरी आणि वास्तू यांची नोंद विद्यार्थ्यांनी स्वतः करावी, या हेतूने इतिहास मंडळाने तो वापरात आणण्याचे ठरविले, तेव्हा पहिला प्रश्न उभा राहिला तो ट्रायपॉडचा. तो भक्कम हवा, आणि आमच्या मुलामुलींच्या खांद्यावरून डोंगर चढून जाण्याइतका हलकाही हवा. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध वाटतात. त्यांचा मेळ कसा घालावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

या कॅमेऱ्याला आधार का लागतो?

लार्ज फॉरमॅट म्हणजे चार गुणिले पाच इंच किंवा त्याहून मोठी फिल्म. नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मवरील चौकट २४ गुणिले ३६ मिलिमीटर असते. त्या मानाने चार गुणिले पाच इंचाच्या फिल्मचे क्षेत्रफळ सुमारे पंधरा पट भरते. झिजलेल्या अक्षराची कड, छिन्नीचा घाव, दगडाचा पोत हे सारे या मोठ्या फिल्मवर टिकते. शिलालेखाचे वाचन पुढे कोणा अभ्यासकाला पुन्हा तपासून पाहावयाचे असेल, तर असे चित्र हा त्याचा आधार ठरतो.

मात्र या सूक्ष्मतेची किंमत वेळेत मोजावी लागते. साध्या हिशेबाने पाहू. शंभर आयएसओची फिल्म, लख्ख ऊन आणि एफ १६ हे छिद्र असेल, तर एक्सपोजर सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग पुरतो. पुढपासून मागपर्यंत सर्व काही रेखीव यावे म्हणून आपण छिद्र एफ ३२ पर्यंत लहान केले की प्रकाश चौथाईवर येतो. वेळ पंचविसावा भाग होतो. शिलालेख बहुधा सावलीत असतो. तेथे प्रकाश आठ पटींनी कमी धरला, तर वेळ सेकंदाच्या एक तृतीयांशाच्या आसपास जातो. अक्षरे मूळ आकाराइतकीच यावीत म्हणून कॅमेऱ्याचा भाता भिंगाच्या नाभीय अंतराच्या दुप्पट लांबविला, तर आणखी चौपट वेळ लागतो, म्हणजे सव्वा सेकंदाहून थोडा अधिक. लेण्याच्या आतल्या काळोखात हाच वेळ अर्ध्या मिनिटावर किंवा कित्येक मिनिटांवरही जाऊ शकतो. इतका वेळ कॅमेरा केसभरही हलता कामा नये.

या कॅमेऱ्याची शरीररचनाही ध्यानात घ्यावी. पुढे भिंगाची पट्टी, मागे धुरकट काच आणि मध्ये लोहाराच्या भात्यासारखा घड्यांचा भाता. वारा आला की हा भाता शिडासारखा वागतो. एक गोष्ट मात्र सोयीची आहे. यात वरखाली उसळणारा आरसा नसतो आणि भिंगातील शटर फार हळुवार उघडते. म्हणून कॅमेऱ्याचा स्वतःचा धक्का नगण्य असतो. आपले भांडण असते ते वाऱ्याशी, जमिनीशी आणि आपल्याच हातांशी.

भार कोणी वाहिला?

इतिहासाचा शिक्षक या नात्याने आम्हांला येथे क्षणभर थांबणे अगत्याचे वाटते. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने ओल्या कोलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली. काचेवर द्रावण ओतावयाचे, ते ओले असतानाच चित्र घ्यावयाचे आणि सुकण्यापूर्वी तेथेच ते धुवावयाचे, अशी ही पद्धत. त्यामुळे छायाचित्रकाराबरोबर कॅमेरा व तिपायीच नव्हे, तर काळोखाचा तंबू, काचांच्या पेट्या आणि रसायनांच्या बाटल्याही जात. सॅम्युअल बोर्न हा इंग्रज छायाचित्रकार १८६३ मध्ये भारतात आला आणि १८६३, १८६४ व १८६६ अशा तीन वेळा त्याने हिमालयात मोहिमा केल्या. पहिल्याच मोहिमेत त्याच्याबरोबर तीसच्या आसपास हमाल होते. १८६६ मध्ये सुमारे १८,६०० फूट उंचीच्या मणिरंग खिंडीत त्याने चित्रे घेतली. ती चित्रे आजही थक्क करतात. या मोहिमांविषयी त्याने इंग्लंडमधील छायाचित्रणविषयक नियतकालिकात लेख लिहिले. त्यांत हमाल ओझी टाकून पळून जातात, ही तक्रार आढळते. ते का पळाले असतील, याचे उत्तर त्यांच्या बाजूने लिहून ठेवणारा त्या डोंगरात कोणी नव्हता. चित्रांवर बोर्नचे नाव आहे; काचा आणि तिपायी ज्यांच्या पाठीवरून वर गेली, त्यांची नावे चित्रांवर नाहीत.

पुढे १८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स याने जिलेटिनच्या कोरड्या काचेची पद्धत मांडली आणि १८८० च्या दशकात अशा तयार काचा सर्रास मिळू लागल्या. तंबू आणि बाटल्या गळाल्या. एका माणसाने एकट्याने सामान वाहणे शक्य झाले. १९२७ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील योसेमिटी खोऱ्यात ॲन्सेल ॲडम्स हा तरुण छायाचित्रकार बर्फातून हाफ डोम नावाच्या प्रचंड कड्यासमोर चढून गेला, तेव्हा कॅमेरा, दोन भिंगे, बारा काचा आणि जड लाकडी ट्रायपॉड असे सुमारे चाळीस पौंडांचे, म्हणजे अठरा किलोंचे ओझे त्याच्या स्वतःच्या पाठीवर होते.

या दोन उदाहरणांतून आमच्या निवडीचा पहिला नियम निघतो. 'नेण्याजोगा' हा शब्द वापरताना कोणी नेण्याजोगा, हे आधी विचारले पाहिजे. दुसऱ्याच्या पाठीवर टाकायचे असेल तर कोणतेही ओझे हलकेच असते. आम्ही येथे 'नेण्याजोगा' म्हणतो तो चित्र घेणाऱ्यांना स्वतः वाहता येईल असा.

आधी वजनाचा ताळेबंद

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी तराजूकडे जावे. केंद्र शासनाच्या २०२० च्या दप्तर धोरणात दप्तराचे वजन विद्यार्थ्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक नसावे, असे म्हटले आहे. तोच दंडक आम्ही सहलीसाठीही मानला. पन्नास किलो वजनाच्या विद्यार्थ्याने पाच किलोंपेक्षा अधिक वाहू नये.

आता सामान मोजू. चार गुणिले पाच इंचाचा लाकडी फील्ड कॅमेरा सुमारे दोन किलो. पट्टीसह भिंग चारशे ग्रॅम. चार फिल्म होल्डर आठशे ग्रॅम. काळे कापड, प्रकाशमापक, बारीक पाहण्याचे भिंग आणि बॅग मिळून सव्वा किलो. एकूण साडेचार किलोंच्या आत. ही झाली एका विद्यार्थ्याची पाठ. दुसऱ्याने ट्रायपॉड घ्यावयाचा. त्याच्याकडे पाणी व डबा यांचे दीड ते दोन किलो धरले, तर ट्रायपॉडसाठी हेडसह तीन किलो उरतात. हा आकडा आम्ही निश्चित धरला, आणि त्या तीन किलोंत जास्तीत जास्त स्थैर्य कसे मिळेल एवढाच प्रश्न उरला. आठ गुणिले दहा इंचाचा कॅमेरा असता, तर हा ताळेबंद कोलमडला असता; तेथे कॅमेराच पाच किलोंच्या घरात जातो आणि वाहणारे हात वाढवावे लागतात.

तोल वेगळा, ताठपणा वेगळा

स्थैर्य या एका शब्दात दोन गुण दडलेले आहेत. ट्रायपॉड कलंडू नये, हा तोल. तो थरथरू नये, हा ताठपणा. पहिला गुण वजन आणि पायांचा पसारा यांवर अवलंबून असतो. दुसरा पायांच्या जाडीवर, लांबीवर आणि सांध्यांवर. वजन वाढविले की दोन्ही मिळतात, हा समज चुकीचा आहे.

पाय तीनच का, हेही येथेच समजून घ्यावे. तीन बिंदूंतून नेहमी एकच प्रतल जाते. चार पायांचे टेबल ओबडधोबड जमिनीवर डुगडुगते; तीन पायांचे डुगडुगत नाही.

तोलाचे गणित दहावीच्या विद्यार्थ्याला करता येईल असे आहे. पायाची लांबी १४५ सेंटिमीटर आणि उभ्या रेषेशी त्याचा कोन २३ अंश धरू. मग प्रत्येक पाय केंद्रापासून सुमारे ५७ सेंटिमीटर दूर टेकतो. पण ट्रायपॉड पायावर कलंडत नाही, तो दोन पायांना जोडणाऱ्या रेषेवर कलंडतो. आणि समभुज त्रिकोणात ती रेषा केंद्रापासून याच्या निम्म्या अंतरावर, म्हणजे सुमारे २८ सेंटिमीटरवर असते. कॅमेरा, भिंग व होल्डर अडीच किलो आणि ट्रायपॉड तीन किलो मिळून साडेपाच किलो. कॅमेऱ्याचा मध्य जमिनीपासून १४५ सेंटिमीटर उंच धरला, तर साडेपाचला अठ्ठावीसने गुणून १४५ ने भागावे. उत्तर येते सुमारे १.०६. म्हणजे एक किलोहून किंचित अधिक आडवा जोर लागला की सारा डोलारा आडवा.

वारा किती जोर लावतो? पाव मीटर लांब-रुंद भात्यावर ताशी ३६ किलोमीटरचा वारा साधारणपणे ०.४५ किलोचा जोर लावतो. कॅमेरा पडत नाही, पण थरथरतो. डोक्यावरून घ्यावयाचे काळे कापड कॅमेऱ्यावर तसेच राहिले आणि वाऱ्याला अडणारे क्षेत्र दुप्पट झाले, तर जोर ०.९ किलोवर, म्हणजे कलंडण्याच्या सीमेजवळ पोहोचतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो; कड्याच्या तोंडाशी ताशी ७२ किलोमीटरचा एखादा झोत आला, तर तो १.८ किलो होतो आणि कॅमेरा जमिनीवर येतो.

यावर उपाय जड ट्रायपॉड विकत घेणे हा नव्हे. रिकामी झालेली बॅग ट्रायपॉडच्या मधल्या आकड्याला अडकवून तीत जागेवरचेच दगड घालावेत. बॅगेसह पाच किलो भरले, की कलंडण्याची सीमा दोन किलोंवर जाते. सह्याद्रीत दगड वर वाहून नेण्याची गरज कोणाला पडत नाही. बॅग मात्र वाऱ्याने झुलता कामा नये. तिचा तळ जमिनीला जेमतेम टेकलेला असावा. काम झाल्यावर दगड होते तेथे ठेवावेत. लेण्यांच्या परिसरातील घडीव दगड आणि अवशेष यांना हातही लावू नये.

पाय कसे पारखावेत?

ताठपणाचे दोन नियम लक्षात ठेवावेत. नळीच्या भिंतीची जाडी तीच असेल, तर तिचा ताठपणा व्यासाच्या घनाने वाढतो. २८ मिलिमीटरच्या नळीपेक्षा ३२ मिलिमीटरची नळी सुमारे दीडपट ताठ असते. दुसरे, वाकणे लांबीच्या घनाने वाढते. लांबी पाचव्या हिश्श्याने कमी केली, तर वाक जवळजवळ निम्म्यावर येतो.

यातून व्यवहाराची सूत्रे मिळतात. पायाच्या सर्वांत खालच्या, सर्वांत बारीक नळीचा व्यास पाहून पाय पारखावा. वरची नळी सगळ्यांचीच रुबाबदार असते. चार भागांचा पाय मिटल्यावर आखूड होतो आणि एसटीच्या गर्दीत सोयीचा पडतो. तीन भागांच्या पायात सांधे कमी आणि खालची नळी जाड असते. डोंगरवाटेने पाठीवर न्यावयाचा असेल, तर आम्ही तीन भागांचा पाय पसंत करतो. पाय उघडताना आधी जाड भाग बाहेर काढावेत. मधली वर-खाली सरकणारी दांडी शक्यतो नसावी. असल्यास ती वर काढू नये. ती उचलली की तीन पायांचा आधार एका दांडीवर येतो.

उंचीही येथेच ठरते. पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीतून हेड आणि अर्धा कॅमेरा यांचे वीस-बावीस सेंटिमीटर वजा करावेत. डोळा १५० सेंटिमीटरवर असेल, तर पाय १३० सेंटिमीटरपर्यंत उभे राहिले तरी सपाटीवर भागते. उतारावर एक पाय लांब करावा लागतो, म्हणून हातभर लांबी राखून ठेवावी.

लाकूड, ॲल्युमिनियम की कार्बन?

लाकूड थरथर लवकर शोषून घेते. जर्मनीतील बर्लेबाख ही संस्था ॲश लाकडाचे, तर अमेरिकेतील रीस ही मेपलचे ट्रायपॉड बनविते आणि लार्ज फॉरमॅटचे कित्येक छायाचित्रकार आजही ते वापरतात. पण ते जड असतात, मिटल्यावर लांब राहतात. ॲल्युमिनियम स्वस्त, टणक आणि दुरुस्तीला सोपे. थरथर शमविण्यात मात्र ते मागे पडते. कार्बन फायबर हलके व ताठ असते, थरथरही लवकर शमविते. किंमत बरीच अधिक, आणि जोरदार आघाताने ते पिचते. पैशांची अडचण नसेल, तर तीन किलोंच्या मर्यादेत कार्बन फायबरला तोड नाही. शाळेसारख्या संस्थेला जाड नळीचा, तीन भागांचा, वापरलेला ॲल्युमिनियम ट्रायपॉड अधिक परवडतो.

एक पर्याय आपल्या आजूबाजूलाच असतो. मोजणीच्या यंत्राखाली भूमापक जो लाकडी किंवा ॲल्युमिनियमचा स्टँड उभा करतात, तो अतिशय भक्कम असतो आणि तुलनेने स्वस्तही. त्याचा स्क्रू पाच अष्टमांश इंचाचा असतो, तर कॅमेऱ्यांना एक चतुर्थांश किंवा तीन अष्टमांश इंचाचा लागतो. मधला जोड लेथवर करून घेता येतो. पण त्याचे वजन पाच-सहा किलोंच्या घरात जाते. शाळेच्या आवारात तो उत्तम. डोंगरावर नेण्याचा हट्ट धरू नये.

हेड

फील्ड कॅमेऱ्याच्या पुढच्या-मागच्या पट्ट्या स्वतःच वर-खाली होतात, कलतात, वळतात. म्हणून हेडकडून अपेक्षा एकच : कॅमेरा समपातळीत धरणे. बॉल हेड हलके असते. परंतु त्याची एक कळ सैल केली की सर्व दिशा एकदम सैल होतात आणि पुढे झुकलेला कॅमेरा हातातून निसटतो. तीन दिशांना तीन दांड्या असलेले हेड थोडे जड असले, तरी एकेक दिशा स्वतंत्रपणे लावता येते. शिकणाऱ्या हातांसाठी आम्ही तेच सुचवितो. पातळी गवंड्याच्या छोट्या पाणसळीने तपासावी. लाकडी कॅमेऱ्याच्या तळाशी येणारी हेडची बैठक रुंद असावी, नाहीतर कॅमेरा स्क्रूभोवती फिरतो.

कवडशाची परीक्षा

दुकानदार सांगतो त्या 'इतके किलो पेलतो' या आकड्यावर विसंबू नये. तो आकडा मोडण्याची मर्यादा सांगतो, थरथरण्याची नव्हे. त्याऐवजी एक प्रयोग करावा. ट्रायपॉडवर कॅमेरा लावून त्यावर लहानसा आरसा घट्ट चिकटवावा. उन्हाचा कवडसा चार-पाच मीटर दूरच्या सावलीतल्या भिंतीवर पाडावा आणि ट्रायपॉडच्या पायावर बोटाने हलकी टिचकी मारावी. कवडसा किती सरकतो आणि किती सेकंदांत स्थिरावतो, ते मोजावे. आरसा कोन दुप्पट करून दाखवितो, म्हणून डोळ्यांना एरवी न दिसणारी थरथर भिंतीवर स्पष्ट दिसते. दोन ट्रायपॉडांतला निवाडा हा कवडसा करतो. होल्डर सरकविल्यानंतर किती वेळ थांबून शटर दाबावे, हेही तोच शिकवितो.

प्रत्यक्ष जागेवर उतार असेल, तर दोन पाय उताराकडे व एक चढाकडे ठेवावा. एक पाय भिंगाच्या खाली, पुढच्या दिशेला असावा. काळ्या ओल्या मातीत प्रत्येक पायाखाली सपाट फरशीचा तुकडा द्यावा. काळे कापड काढून ठेवावे, केबल रिलीज वापरावी आणि शटर उघडे असेपर्यंत आजूबाजूच्यांनी पाऊल उचलू नये. केंद्रीय संरक्षित स्मारकांत ट्रायपॉड लावण्यास पुरातत्त्व खात्याची पूर्वपरवानगी लागते. तो अर्ज सहलीच्या बराच आधी करावा.

नोंदवहीतील शेवटचा रकाना

कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे दानलेख आहेत. त्यांपैकी एक सांगतो, की धेनुकाकट येथील वेणुवासाचा पुत्र सामी या सुताराने दार घडविले. राजांची आणि श्रेष्ठींची नावे दगडावर कोरली जाणे नवलाचे नाही. येथे ज्याच्या हातांनी काम केले त्या सुताराचे नाव, बापाच्या नावासह आणि गावासह टिकून आहे. बोर्नच्या हमालांच्या वाट्याला हे आले नाही.

म्हणून इतिहास मंडळाच्या छायाचित्र-नोंदवहीत तारीख, स्थळ, फिल्मचा क्रमांक, छिद्र आणि वेळ या रकान्यांपुढे आम्ही आणखी एक रकाना आखला आहे : ट्रायपॉड कोणी वाहिला. तो रिकामा ठेवलेली नोंद पूर्ण मानली जात नाही.

स्वाध्याय

१. पायांचा कोन २३ अंशांऐवजी ३० अंश केला, तर कलंडण्याची सीमा किती होईल? उंची किती कमी होईल?

२. आपल्या वर्गातील तिघांच्या वजनावरून आठ गुणिले दहा इंचाच्या कॅमेऱ्यासाठी सामानाची वाटणी करा.

३. आपल्या गावातील एखादी जुनी वास्तू निवडा. ती बांधणाऱ्या कारागिरांपैकी कोणाचे नाव कोठे लिहिलेले आढळते का, याचा शोध घ्या.